खुराड्यातल्या दोन खुर्च्या

'मानवजातीच्या इतिहासात अथेन्स, रोम आणि टॅमरॅक फॉल्स या तीन नगरांची नावं यापुढे एका दमात घेतली जातील,' असं आर्नी कोस्केलाने कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि कॉफीच्या दुकानाची मालकीण डोरीन हिने जॅम भरलेल्या डोनटची बशी नेमकी रोमवर ठेवली. बशी उचलली तेव्हा रोम चिकट झालं होतं. आर्नीने ते बोटाने पुसलं, बोट चाटलं, आणि वाक्य तसंच ठेवलं. एकेचाळीस वर्षं तो साळिंदरं या गावच्या आइस हॉकी संघाच्या सामन्यांचं रेडिओवर धावतं वर्णन करत होता, आणि त्यातल्या शेवटच्या बावीस वर्षांत असं वाक्य लिहायची वेळ संघाने त्याच्यावर एकदाही आणली नव्हती. संघाचं नाव साळिंदरं का ठेवलं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. साळिंदर कुणावर चालून जात नाही, कोपऱ्यात अंग फुलवून बसतं आणि समोरचा कंटाळून जायची वाट बघतं. हीच आमची चाल आहे, असं संघाचे तीन-चार प्रशिक्षक आपापल्या हकालपट्टीच्या आदल्या दिवशी म्हणून गेले होते. पण या वर्षी साळिंदरांनी चषक जिंकला होता. बावीस वर्षांनी. स्वतःच्या गावात, अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, जादा वेळेत. आज दुपारी चार वाजता एरिनात, गावच्या बर्फाच्या क्रीडागृहात, सगळं गाव जमणार होतं आणि हंगामाचा आढावा आर्नीने घ्यायचा होता. वीस मिनिटं, असं संघाच्या व्यवस्थापकाने बजावलं होतं, आणि आर्नीला वीस मिनिटं म्हणजे किती हे ठाऊक असल्यामुळे पुढचं भाषण कुणाचंच ठेवलं नव्हतं.

"आर्नी, लिहितोस कसला, इकडे बघ. सरळ लागलाय का?" डोरीन स्टुलावर उभी होती, तोंडात दोन खिळे, हातात हातोडी. भिंतीवर तिने एक फोटो टांगला होता, दारापेक्षा जरासाच लहान. शेवटच्या गोलचा फोटो. समोरच्या संघाच्या गोलमागच्या वरच्या जिन्यावरून कुणी हौशी माणसाने काढलेला, वर्तमानपत्राने छापलेला, आणि आता मोठा करून डोरीनच्या दुकानात, ग्रंथालयात, आणि उन्हाळ्यानंतर एरिनाच्या प्रवेशद्वारात कायमचा लागणार असलेला. फोटोत जाळं फुगलेलं होतं, लाल दिवा अजून पेटायचा होता, तीन हजार माणसं तोंडं उघडून अर्धवट उठलेली होती, आणि सगळ्यात वर डाव्या कोपऱ्यात ती लाकडी माचोळी होती जिला गाव खुराडं म्हणायचं. समालोचक आणि अधिकृत गुणलेखक यांची जागा. खुराड्यात दोन खुर्च्या होत्या. दोन्ही रिकाम्या होत्या.

आर्नीने त्या खुर्च्या पुन्हा मोजल्या. त्याने डोनट खाली ठेवला. "सरळ आहे की नाही?" डोरीनने विचारलं. "डावीकडे सरकव थोडा," आर्नी म्हणाला, "अजून. अजून थोडा." "पलीकडे भावफलक आहे ना रे माझा." "त्याच्या मागे गेला थोडा कोपरा तर काय बिघडतंय?" "वेडा आहेस का? खुराडं जाईल ना मागे. तूच जाशील मागे!" ती म्हणाली आणि फोटोकडे कौतुकाने बघत राहिली, कारण जिथे माणूस असायलाच हवा तिथे तो असणारच असं धरून चालणाऱ्यांपैकी ती होती. गावात बहुतेक सगळे तसेच होते.

कोस्केलांच्या घरात खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खायची चाल फिनलंडहून जहाजातून आली होती, आणि जहाजातून आलेलं बाकी सगळं मोडलं, विकलं गेलं, विसरलं, पण गोळ्या टिकल्या. आर्नीचा आवाज या गोळ्यांवर चालायचा. प्रत्येक सामन्याला पत्र्याची एक डबी, उजव्या हाताशी, खुराड्याच्या फळीवर. दुसऱ्या कुणालाही ती चव सहन व्हायची नाही. साळिंदरांचा आघाडीचा खेळाडू मायरन हलुष्का त्यांना डांबर म्हणायचा आणि डबी उघडली की नाक धरायचा. तर त्या सामन्यात, जादा वेळेच्या चौदाव्या मिनिटाला, दोन-दोन अशी बरोबरी असताना, आर्नीचा घसा धरला. त्याने डबीकडे हात नेला, डबी पडली, आणि गोळ्या खुराड्याच्या तळाशी घरंगळत गेल्या. तो वाकला. शेजारच्या खुर्चीतला लिओनेल गोदेत, शाळेत तीस वर्षं बीजगणित शिकवून निवृत्त झालेला आणि संघाची गुणनोंद पेन्सिलीने ठेवणारा, हा अत्यंत सभ्य माणूस असल्यामुळे तोही मदतीला वाकला. दोघेही टेबलाखाली गुडघ्यांवर. "तुझ्या बुटाखाली एक आहे," लिओनेल कुजबुजला. आणि त्याच वेळी वर, त्यांच्या डोक्यावर, असा आवाज झाला की फळ्या थरथरल्या. आर्नी उठला. टेबल तिथेच होतं. ठक्. "अरे देवा!" तो कळवळून ओरडला, डोकं धरून वर आला, लाल दिवा पाहिला, गोलपासून लांब, बर्फावरच्या निळ्या रेषेवर दोन्ही हात वर करून उभा असलेला म्हातारा बचावपटू डंकन मॅकअस्कल पाहिला, आणि घशात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं: "आत आहे! डंकन! डंकन मॅकअस्कल! साळिंदरांनो, घरी या, चषक घेऊन घरी या!"

गोल जाहीर होण्याच्या आधीची ती तीन सेकंदांची शांतता आता प्रसिद्ध होती. टोरंटोच्या एका वर्तमानपत्राने तिच्यावर लेख लिहिला होता. शब्दांच्या पलीकडे जाण्याचं धैर्य, असं त्यात म्हटलं होतं. सामान्य समालोचक बोलत राहिला असता, थोर समालोचक श्वास रोखतो. ठक् हा आवाज खेळाची रबरी चकती जाळ्यामागच्या लोखंडाला लागल्याचा आहे यावर सर्वांचं एकमत होतं. 'अरे देवा' मधली वेदना ही बावीस वर्षांची वेदना आहे, असं पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात सांगितलं तेव्हा आर्नीच्या शेजारी बसलेली त्याची बायको मार्लीन त्याच्या टाळूवरच्या टेंगळाकडे बघत होती. "बावीस वर्षांची वेदना जरा सुजलीये," ती म्हणाली. तिला त्याने टेंगूळ मोटारीच्या दाराचं म्हणून सांगितलं होतं. केबलवाहिनीचा कॅमेरा होता, नाही असं नाही, पण कॅमेरावाल्यालाही गावाबद्दल प्रेम होतं, तोही नाचू लागला, त्यामुळे त्या क्षणाच्या चित्रफितीत एरिनाचं छत दिसतं. छत फार स्वच्छ आलं आहे.

हे सगळं आर्नीने तीन आठवडे पचवलं होतं. आपण पाहिला नाही, पण गोल तर झाला, आणि तो डंकनचा होता. न पाहता खरं बोलणं हे काही पाप नव्हे, धर्माचा बराचसा भाग त्यावरच उभा आहे, असं तो स्वतःला समजावत असे. पण आता तो फोटोपुढे उभा होता, आणि खुर्च्यांवरून हटवलेली त्याची नजर खाली बर्फावर आली होती. गोलच्या तोंडाशी सात-आठ माणसांचा गुंता, त्यात पाठमोरा उभा हलुष्का, स्टिकचं पातं किंचित वाकडं. चकती दिसत नव्हती. पण एकेचाळीस वर्षं वरून माणसं बघितली की चकती नाही दिसली तरी चालतं. ज्याच्या स्टिकला ती लागून जाते त्याला दिव्याच्या आधी कळतं. तळहातात काहीतरी हलकं बसतं, एखादी चिमणी फांदीवर बसावी तसं, आणि माणूस जगाच्या अर्धा सेकंद पुढे जातो. फोटोत निळ्या रेषेवरचा डंकन मान उंचावून अजून चकती शोधत होता. कॉपर बेचा, म्हणजे समोरच्या संघाचा, गोलरक्षक शोधत होता. पंच शोधत होता. आणि हलुष्काने मान मागे जाळ्याकडे वळवली होती, तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले. तीन हजार माणसांत एकट्यालाच ठाऊक होतं. गोल हलुष्काचा होता.

हलुष्का, ज्याच्या तोंडाला कुलूप लावायला गावात लोखंड पुरलं नसतं. सस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतांतून आलेला, अठ्ठाविसाव्या वर्षीच टक्कल पडलेला, सामना चालू असताना पंचांशी, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाशी, दोन्ही खांबांशी बोलणारा. एकदा राष्ट्रगीताच्या वेळीही त्याला दोन मिनिटं बाहेर बसायची शिक्षा होता होता राहिली होती. हा माणूस तीन आठवडे गप्प होता? पुढच्या वर्षीचा करार त्याच्याशी अजून कुणी केलेला नव्हता. सातव्या सामन्यात जादा वेळेत गोल घालणाऱ्याला निदान तीन गावांतून बोलावणं येतं, आणि ज्या गावात घातला तिथे मरेपर्यंत कुणी त्याला कॉफीचे पैसे देऊ देत नाही. हे सगळं हलुष्काचं होतं, आणि आर्नीने ते टेंगूळ चोळत चोळत दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

कागद खिशात कोंबून तो एरिनाकडे चालू लागला. मे महिना होता, रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढिगारे काळे पडून कुत्र्याएवढे उरले होते, आणि दुकानादुकानांच्या काचांवर साळिंदराचं चित्र चिकटवलेलं होतं, ज्यात साळिंदर प्रथमच हसत होतं. ऑक्टोबरात हेच गाव साळिंदरांचं नाव घेताना आवाज खाली आणायचं, घरात कुणी तुरुंगात गेलेला असावा तसं. ओळीने अकरा पराभव. अकराव्या पराभवानंतर परत येताना बससमोर एक मूस, घोड्याहून उंच सांबर, येऊन उभा राहिला, चार तास हलला नाही, आणि शेवटी खेळाडूंनी खाली उतरून त्याच्याशी वाटाघाटी केल्या, म्हणजे हलुष्काने केल्या. "तो ऐकत होता हो," हलुष्का नंतर सांगायचा, "मी बोलायचा थांबलो म्हणून गेला." आणि मग डिसेंबरातली ती टेडी अस्वलं. नाताळाआधी घरच्या सामन्यात संघाचा पहिला गोल झाला की गावाने बर्फावर टेडी फेकायचे आणि ते मुलांच्या इस्पितळात जायचे, ही रीत; पण रीत घालणाऱ्यांनी गोल होणार हे धरलेलं. एक सामना गेला, गोल नाही. लोक टेडी घरी घेऊन गेले, पुढच्या सामन्याला परत घेऊन आले. दुसरा गेला, तिसरा गेला. माणसांना सवय झाली. रविवारी चर्चच्या बाकांवर माणसांच्या शेजारी अस्वलं बसलेली असत, बँकेचा व्यवस्थापक मांडीवर लोकरीचा जिराफ घेऊन कर्जाचे अर्ज नाकारत असे. चौथ्या सामन्यात, दुसऱ्या सत्रात, डंकनने निळ्या रेषेवरून मारलेली चकती गर्दीतून आत गेली, आणि आभाळ फाटावं तशी दोन हजार अस्वलं कोसळली. आर्नीने डंकनचं नाव इतक्या जोरात घेतलं की कॉपर बेपर्यंत रेडिओशिवाय ऐकू गेलं असेल. डंकन सदतीस वर्षांचा, सतरा हंगाम याच गावात, गुडघे दोन्ही दुसऱ्याचे वाटावेत असे, आणि त्या वर्षी तोवर त्याच्या नावावर एकही गोल नव्हता.

आणि मध्यंतरात तोच डंकन स्केट्स घातलेल्या पायांनी, कठडा धरधरून, बेचाळीस पायऱ्या चढून खुराड्यात आला होता. हॉकीत ही रीत जुनी. गोल आपला नसेल तर स्वतः जाऊन गुणलेखकाला सांगायचं. दुसऱ्याने सांगायची वाट बघायची नाही. "लिओनेल, माझा नाही तो. हलुष्काच्या ढुंगणाला लागून गेला." लिओनेलने चष्मा वर केला. "ढुंगण की मांडी?" "ढुंगण." "खात्री आहे?" "एवढं मोठं आहे, चुकेन कसा?" लिओनेलने खोडरबर काढला, डंकनचं नाव पुसलं, हलुष्काचं घातलं, कागदावरची पूड फुंकली. खाली बाकावर हलुष्काने डंकनला शिव्या घातल्या होत्या. "अरे घ्यायचा ना गपचूप! मला तर वाटलं माशी बसली!" त्या रात्रीपासून साळिंदरं जिंकू लागली. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. प्रशिक्षक म्हणाला बचाव सुधारला. गोलरक्षक म्हणाला, आपल्याला सामन्याआधी पुन्हा उलटी होऊ लागली, आणि हे चांगलं लक्षण होतं. आर्नीला मात्र वाटायचं की बेचाळीस पायऱ्यांमुळे जिंकली. जानेवारीत नऊ, फेब्रुवारीत आठ. मार्चमध्ये गावातल्या प्रत्येक बाप्याने दाढी वाढवली, कारण बाद फेरी संपेपर्यंत वस्तरा लावायचा नसतो. मार्लीन म्हणाली, तुझी दाढी बघून कुत्रा भुंकतो, त्याला वाटतं संघाचा शुभंकर घरात शिरला. अंतिम फेरीत तीन हरले, तीन जिंकले, आणि मग सातवा. आता चालता चालता आर्नीला ते सगळं एकाच वेळी आठवत होतं, जणू हंगाम म्हणजे लांबलचक बोगदा नसून एक मोठी खोली होती आणि तो मधोमध उभा होता; सगळीकडून माणसं ओरडत होती, बर्फाचा तो ओला लोखंडी वास येत होता, आणि खोलीच्या एका कोपऱ्यात दोन रिकाम्या खुर्च्या होत्या.

लिओनेल एरिनाच्या मागच्या दाराशी कोट घालून उभा होता. आर्नीने वर्तमानपत्रातला फोटो त्याच्यापुढे धरला. लिओनेलने भिंग काढलं, कारण लिओनेलच्या खिशात भिंग असतं. ते फोटोच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. "हे खुराडं आहे," तो शेवटी म्हणाला. "हो." "आपण कुठे आहोत?" "टेबलाखाली." "दोघेही?" "मग? मी तुला बोलावलं होतं का खाली?" "गोळी तुझी होती, आर्नी." "गोळी माझी होती, पण नोंदवही तुझी होती! तू डंकनचं नाव कशावरून लिहिलंस?" "तू रेडिओवर म्हणालास म्हणून लिहिलं." "आणि मी दुसऱ्यांदा म्हणालो ते तू लिहिलंस म्हणून!" तीस वर्षं ज्याने गावातल्या प्रत्येक मुलाला उत्तरापर्यंतच्या पायऱ्या दाखव म्हणून छळलं होतं, त्याच्या उत्तराला एकही पायरी नव्हती. मग आर्नीने हलुष्काच्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं. लिओनेलने भिंग तिथे नेलं. "हं," तो म्हणाला. "हं काय?" "त्याला ठाऊक आहे." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. दुरुस्तीचा अर्ज. लीगची पुस्तकं आज पाच वाजता बंद व्हायची होती; त्यानंतर जे लिहिलं ते लिहिलं. "हा तू आधीच घेऊन आलायस," आर्नी म्हणाला. "मी रोज घेऊन फिरतो. तीन आठवडे," लिओनेल म्हणाला आणि प्रथमच त्याचा आवाज मास्तरासारखा राहिला नाही. "मला झोप नाही रे. ऐक, त्या दिवशी तू बोललास ते मी लिहिलं. आजही तू बोलशील ते लिहीन. पुढच्या रांगेत बसतो, पेन्सिल घेऊन."

एरिनात बर्फ नव्हता. हंगाम संपला की तो वितळवून टाकतात, आणि खाली करडं, ओलसर सिमेंट उरतं, त्यात नळ्यांचे व्रण. आर्नीने इथे एकेचाळीस वर्षं खाली पाहिलं होतं पण तो खाली कधी उभा राहिला नव्हता. खुराडं इथून चिमणीच्या घराएवढं दिसत होतं. बाकं भरलेली, जिने भरलेले, मधोमध खुर्च्यांवर अस्वलं, जी इस्पितळाने खास या दिवसासाठी उसनी पाठवली होती. मंचाच्या पायरीशी डंकन भेटला. कोटात तो कुणाच्या तरी लग्नाला चुकून आलेल्या सुताराएवढा अवघडलेला वाटत होता, आणि त्या गोलची स्टिक हातात काठीसारखी टेकवत होता, कारण गुडघ्यांना ती लागतच होती. "आर्नी, एक विचारू का?" त्याने इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही वर होतात. तुम्हाला नीट दिसलं असेल. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं हो. समोर सगळी माणसंच माणसं. मी डोळे मिटूनच मारली, खरं सांगतो. तुम्ही नाव घेतलंत, ते कुणाच्या तरी रेडिओवर ऐकलं, तेव्हा कळलं की माझा. कुणाला लागूनबिगून गेली नाही ना? गेली असेल तर सांगा. मी आत्ता लिओनेलकडे जाऊन येतो. डिसेंबरात नव्हतो का गेलो?" त्याच्या चेहऱ्यावर अशी भीती होती की आर्नीला ती ओळखीची वाटली, सकाळी डोरीनच्या दुकानातल्या आरशात स्वतःच्या चेहऱ्यावर पाहिलेली. आर्नीच्या जिभेवर एक वाक्य आलं आणि मागे वळलं. "डंकन," तो म्हणाला, "तुझा टाय वाकडा आहे." आणि तो पायऱ्या चढला.

त्याने आढावा सुरू केला. अथेन्स आणि रोम म्हटलं तेव्हा लोक हसले, अकरा पराभवांना टाळ्या पडल्या, मूसच्या नावाने शिट्ट्या झाल्या, अस्वलांच्या वेळी एक बाई रडली. आर्नीचा आवाज भरत गेला. या आवाजाने गावाने ट्रक चालवले होते, पोरं झोपवली होती, खाणीतल्या पाळ्या काढल्या होत्या, आणि तो आवाज जसजसा एप्रिलकडे, सातव्या सामन्याकडे, जादा वेळेकडे सरकत गेला तसतशी आर्नीला आपल्या छातीत दुसरी एक वस्तू कळत गेली, छोटी, काळी, खारट. समोर लिओनेल होता, मांडीवर अर्ज, हातात पेन्सिल. बाजूला खेळाडूंच्या रांगेत हलुष्का, टक्कल चमकतंय, शेजाऱ्याला काहीतरी सांगतोय. त्याच्या पलीकडे डंकन, स्टिकच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. सांगायचं. एकेचाळीस वर्षं आपण प्रेक्षकसंख्या सोडून कुठलाही आकडा वाढवून सांगितला नाही. आता सांगायचंच. "चौदावं मिनिट," तो म्हणाला. "चकती निळ्या रेषेवर डंकनकडे आली. डंकनने मारली. आणि मित्रहो, खरं म्हणजे, त्या क्षणी मी—"

तो शब्द शोधायला थांबला, आणि एरिना शांत झालं. साधं शांत नव्हे. तीन हजार माणसांनी एकदम श्वास रोखला. एक. दोन. तीन. आर्नीला काय चाललंय ते कळायच्या आत सहा हजार पाय एकदम सिमेंटवर, लाकडावर, लोखंडावर आपटले. ठक्! मंच हादरला, पाण्याचा पेला सरकला, वर खुराड्यातून धूळ पडली. "अरे देवा!" सगळं गाव डोकं धरून ओरडलं, पाद्रीबाबा, डोरीन, बँकेचा व्यवस्थापक, आणि हो, मार्लीनसुद्धा, जिने डोकं नेमकं तिथेच धरलं होतं जिथे त्याला टेंगूळ आलं होतं. "आत आहे! डंकन! डंकन मॅकअस्कल!" आणि त्या सगळ्या आवाजांच्या वर, खुर्चीवर चढून, शिरा ताणून, सगळ्यांच्या अर्धा सेकंद आधी, एकच माणूस ओरडत होता. हलुष्का. डोळे मिटलेले, तोंड पूर्ण उघडं, फोटोत होतं तस्संच. आर्नीने तो गोल तेव्हा पाहिला. एकेचाळीस वर्षांत पाहिलेल्या प्रत्येक गोलपेक्षा स्वच्छ पाहिला: निळ्या रेषेपासून जाळ्यापर्यंत, चकती कुणाच्या स्टिकला चिमणीसारखी लागून कशी वळली, आणि ज्याला ती लागली त्याने तेव्हाच, त्या अर्ध्या सेकंदात, ती कुणाला द्यायची ते कसं ठरवून टाकलं. डंकनला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. गुडघे हवेत असल्यामुळे ते प्रथमच दुखत नव्हते. पुढच्या रांगेत लिओनेलने मान वर करून आर्नीकडे बघितलं. आर्नीने ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला. "साळिंदरांनो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "घरी या, चषक घेऊन घरी या!" लिओनेलने अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली, आणखी एक, तो टपाल तिकिटाएवढा झाला तेव्हा खिशात टाकला, आणि पेन्सिल कानावर खोचून टाळ्या वाजवू लागला.

मग सगळे मंचावरच चढले. चषक माणसांच्या डोक्यावरून पोहत आला. हलुष्काने आर्नीला मागून मिठी घातली, फासळ्या वाजल्या. "म्हातारबा!" तो कानाशी म्हणाला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला. "खरं म्हणजे त्या क्षणी मी, काय? काय सांगायला निघाला होतात?"

"मायरन, तो गोल—"

"डंकनचा."

"फोटोत तुझं तोंड—"

"माझं तोंड कधी मिटलेलं पाहिलंय तुम्ही?" हलुष्काने मिठी आणखी आवळली. "फोटो मीही बघितलाय. शाळेत नापास झालो असलो तरी दोन खुर्च्या मोजता येतात मला. मला गोल पुढच्या वर्षीही घालता येतील. कुठेतरी घेतीलच कुणीतरी. त्याला पुढचं वर्ष नाही. तो वर आला होता ना तेव्हा, पायऱ्या चढून? त्या दिवशी मी ठरवलं होतं, हा एक फेडायचा. तीन आठवडे गप्प बसलोय, म्हातारबा, तीन आठवडे! आईला वाटलं मी आजारी आहे, तिने फोन केला. आता तुम्ही बोललात तर माझी सगळी मेहनत पाण्यात." त्याने मिठी सोडली, आर्नीची कॉलर नीट केली, आणि चेहरा एकदम कसनुसा केला. ओरडून धरलेल्या घशावर हात ठेवला. बोलायला गेला तर आवाज नीट फुटेना.

"ती डांबराची गोळी आहे का हो एखादी?"